ह्यांची हजेरी माझ्या मनगटावर

१ डिसेंबर, सोमवार

आजही उंबऱ्यातून परत. चपला घातल्या, मफलर गुंडाळला, दार उघडलं आणि म्हणाले, "गार हाय बाहेर. उद्या बघू." भर दुपारी गार. अटॅक येऊन दीड महिना झाला, रक्ताच्या नळीत स्प्रिंग टाकली, डॉक्टर म्हणतात हृदय छान चालायलंय. ह्यांचे पाय तेवढे चालंनात. जन्मभर रेल्वेच्या रुळांवर पायी फिरलेला गँगमन माणूस, आता पलंग ते न्हाणी, न्हाणी ते पलंग.

मॅ. म्हणाल्या, "काका, घड्याळात चालणं काहीच दिसत नाही." मॅ. म्हणजे नांदेडच्या व्यायामाच्या मॅडम, आठवड्यातून तीनदा फोनवर दिसतात. घड्याळ त्यांनीच दिलंय. मनगटावर बांधलं की पावलं, नाडीचे ठोके, सगळं त्यांना तिकडं नांदेडात कळतं. आमच्या शाळेत तपासणीला साहेब निदान जीप घेऊन यायचे.

३ डिसेंबर, बुधवार

खुर्चीतून उठणं-बसणं. फोन कुठं ठेवायचा यावरून भांडण. शेवटी ज्वारीच्या डब्याला टेकवला. मॅ.ना नुसतं पोट दिसायलं. "काका, चेहरा दाखवा." हे वाकले तर टक्कल. मी हसले, मग हेही हसले. लय दिवसांनी.

दम लागला की ह्यांचा हात लगेच छातीवर जातो. दर वेळी मी पाण्याचा तांब्या घेऊन धावते.

४ डिसेंबर, गुरुवार

दुपारी एकदाचं खरं बोलले. बाहेर जायचं भ्या वाटतं. "घरात पडलो तर तू हाईस. रस्त्यात पडलो तर?" एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाच्या तोंडून असलं काही ऐकलं नव्हतं. जवळ घ्यावं वाटलं. तव्यावर भाकरी होती, राहून गेलं.

आणि लगेच ह्यांचा शहाणपणा. "गँगमधी एखादा आला न्हाई तर आमी त्याची हजेरी लावायचो. तू बांध घड्याळ, दळण घेऊन ये, लाव माझी." सांगायलेत कुणाला? मी जि. प. शाळेतली मास्तरीण. एकाच्या नावाला दुसरा हजर म्हणाला तर दोघांना वर्गाबाहेर काढायची.

बांधलं घड्याळ. मॅ. कंटाळून वर्ग बंद करतील अशी धास्ती, आणि ह्यांचं तोंड लय केविलवाणं झालं होतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

मॅ. खूश. "शाब्बास काका, काल छान चाललात." मला वाटलं आता कबूल होतील. छे. मान खाली घालून म्हणतात, "प्रयत्न करायलोय." बेरकी माणूस. मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसत बसले.

७ डिसेंबर, रविवार

मी विहारात वंदनेला निघाले. घड्याळ माझ्याच हाती. मागून आवाज, "थांब, कोपऱ्यापर्यंत येतो." कोपरा मागं पडला, पिठाची गिरणी मागं पडली. चालत राहिले. माझा हात नाही धरला, लोक बघतात ना. पदराचं टोक मात्र मुठीत. घड्याळ देऊ का म्हटलं तर, "राहू दे, उगा मधी थांबू नको."

विहाराच्या पायरीवर बसले आणि गावभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कायीच झालं न्हाई की मला." माझीच छाती मेली धडधडत होती, डोळ्यांपुढं जरा अंधारी. पण ह्यांच्या आनंदापुढं तिकडं कोण बघतं. रात्री एक भाकरी जास्त खाल्ली ह्यांनी.

८ डिसेंबर, सोमवार

मॅ.चा फोन वेळेच्या आधीच. काल चालताना काकांचे ठोके वेडेवाकडे पडलेत. घड्याळ चुकूही शकतं, पण आज व्यायाम नको, आधी ईसीजी काढून घ्या.

हे पांढरेफटक. "चाललो म्हणूनच झालं." घड्याळ कुणाच्या हाती होतं, हे भीतीपुढं विसरलेच. मला आठवत होतं. तरी मी ह्यांनाच रिक्षात घालून इथल्या डॉक्टरांकडं नेलं. ह्यांची ईसीजीची पट्टी साफ निघाली. निघणारच.

९ डिसेंबर, मंगळवार

पलंग सोडला नाही. डॉक्टर काही नाही म्हणाले, ते पटायला तयार नाहीत. "मग नांदेडात दिसलं ते काय खोटं?" आंघोळीलाही मला दाराशी उभं केलं.

सांगितलं तर माझ्या काळजीनं ह्यांना काही होईल. नाही सांगितलं तर हे आता उठायचे नाहीत. ह्यांचा राग येतो, घड्याळाचा येतो, सगळ्यात जास्त माझा. मला भ्या वाटायलंय. इथं लिहिलं एकदाचं.

१० डिसेंबर, बुधवार

सकाळी चहा हातात देऊन सांगितलं, "ते ठोके माझे होते."

ह्यांनी कप खाली ठेवला. मग, "कधीपासून होतंय?" दिवाळीपासून, अधूनमधून, पाणी भरताना. ह्यांच्या दवाखान्याच्या धावपळीनं असेल असं मी धरून चालले होते. आता ह्यांचा हात छातीवर जाणार म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन तयार. तर हे खाली वाकून चपला शोधायले. रिक्षा आणायला चौकापर्यंत गेले. एकटे. मी दारातून ओरडायले, हळू चाला. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

रेल्वेनं नांदेडला. वाटेत मॅ.ना फोन लावून सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "काकू, आधी डॉक्टरांना दाखवा. नंतर मी तुम्हा दोघांना रागावणार आहे."

ईसीजीत आज काही सापडलं नाही. छातीला चोवीस तासांचं यंत्र चिकटवून दिलंय, उद्या परत नेऊन द्यायचं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

यंत्र काल दिलं. रिपोर्ट सोमवारी. तोवर मला बादली उचलायची बंदी, ह्यांचा हुकूम. भांडी घासायले स्वतः. निम्मी खरकटीच. मी गुपचूप परत घासते.

संध्याकाळी वर्ग. आधी यथेच्छ बोलणी खाल्ली, दोघांनी खाली मान घालून. मग उठबस. फोन डब्याला टेकवलेला, मी बाजूला पलंगावर. ह्यांची नजर फोनवर ठरंना, दर उठबशीला माझ्याकडं. मॅ. म्हणाल्या, "काका, समोर बघा." हे म्हणाले, "तिकडं बघून सुचंना मॅडम."

१४ डिसेंबर, रविवार

उद्या रिपोर्ट. नुसत्या गोळ्या, की ह्यांच्यासारखं काही निघतंय.

दिवेलागणीला दोघंच ओट्यावर बसलो होतो. ह्यांना सांगितलं, मला लय भ्या वाटायलंय. वाटलं, म्हणतील काय होत न्हाई, घाबरू नको. सगळे तेच म्हणतात. मीही ह्यांना दोन महिने तेच म्हणत आले.

हे तसं म्हणाले नाहीत. जवळ सरकले. लोक येत-जात होते तरी हात धरला. म्हणाले, "मला दोन महिने झाले भिऊन. तुला हे नवीन हाय. मी सांगतो कसं भ्यायचं. पहिलं म्हंजे, एकटीनं भ्यायचं न्हाई."

आणि दुसरं?

"दुसरं मलाबी अजून जमंना."

सकाळच्या गाडीनं नांदेड.