काचेच्या पेटीतले केसाळ किडे

सिंदी मेघे, वर्धा
९ जानेवारी १९८४

प्रिय रूपराव,

तू रत्नागिरीहून आणलेली समुद्राच्या पाण्याची काचेची पेटी अजून बैठकीतच आहे. पंचफुला आपल्या जातीची नाही म्हणून बाबांनी तुम्हा दोघांना घराबाहेर काढलं, त्याच दिवशी "हे डबकं पयले फेकून दे" असं मला बजावलं होतं. मी फेकलं नाही. तू सांगितलंस तसं त्यातल्या माशांच्या जोडीला दिवसाआड चिमूटभर खाणं घालत राहिले.

दिवाळीनंतर पेटीतल्या दगडांच्या फटींतून किडे दिसू लागले. बोटाएवढे लांब, तांबूस, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांचे झुपके. दिवस मावळला की बाहेर यायचे. आधी मोजकेच, मग दगडच हलतोय असं वाटावं इतके. चिमट्याने ओढले तर अर्धे तुटून आत जायचे. औषध टाकावं तर मासे मरायची भीती. मागच्या आठवड्यात जोडीतला एक केशरी मासा दिसेनासा झाला. एवढ्याशा खाण्यावर हे किडे माजतात कसे, मला उमगेना.

परवा शाळेतून आले तर बाबा पेटीपाशी जमिनीवर बसलेले, घामाने डबडबलेले, उजवा हात मनगटापर्यंत सुजलेला. बोटांत कुसळांसारखे बारीक केस रुतले होते. धाप थांबेना. त्यांचं छातीचं दुखणं आठवून मी तशीच बाहेर धावले. शेजारच्या प्रभाकररावांच्या स्कूटरवर बसवून त्यांना सेवाग्रामला नेलं. डॉक्टरांनी चिकटपट्टी लावून लावून केस उपटले, इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे धाप ओसरली.

घरी आल्यावर त्यांचा सदरा धुवायला घेतला, तर खिशात सुकटीचा चुरा. मी शाळेत गेले की बाबा रोज मूठमूठ टाकायचे. उरलेल्यावर किडे पोसले. जोडीतला दुसरा मासा फटीत अडकला, भोवती किडे जमले, म्हणून हात घातल्याचं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं. मासा वाचला. सुकट का टाकत होता विचारलं तर एवढंच म्हणाले, "उपाशी दिसे मले थो."

आज सकाळी पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून ते पेटीसमोर बसले होते. तू गेल्यापासून ज्यांनी तुझं नाव घेतलं नाही, ते म्हणाले, "रूपरावले लिह. हे किडे कसे काढाचे, इचार त्याले. कागदावर नोको सांगू म्हणा, येऊन दाखव." मी लिहायला बसले तर दारातून परत फिरले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाईलेही घेऊन येजो म्हणा."

वाट बघणारी, तुझीच
जयवंताताई