डाफ्नी, वय वीस

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळच्या पात्रासच्या बसने मिर्सिनीचा डबा गेला. कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा-भात, लिंबाच्या रसातली कोंबडी. टॉवेलात बांधला, वर तिचं नाव. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, पोरगी शिकायला गेलीय की लढाईवर?" त्याला काय! आमच्या अख्ख्या व्होलोस गावच्या आयांचे डबे असतात त्याच्या बसच्या पोटात.

ही मात्र फोन घेत नाही. "तास चालू आहे" एवढंच लिहून टाकते. परीक्षेबद्दल अवाक्षर नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज एक घाण काम केलं. दुकानात, चष्म्यांच्या काउंटरमागे, माझ्याबरोबर काम करणाऱ्या इव्हान्थियाने मला फोनवर खोटं खातं उघडून दिलं. "सगळ्याच करतात गं. मी दोन वर्षं माझ्याच मुलाची मैत्रीण आहे." आणि हसली.

डाफ्नी, वय वीस. फोटो कुठल्याशा पाठमोऱ्या मुलीचा. मिर्सिनीने मला तिच्या पानावरून केव्हाच काढून टाकलंय. डाफ्नीला तासाभरात आत घेतलं.

हात धुतले. दोनदा.

बुधवार, १२ फेब्रुवारी

व्हिडिओ पाहिला. डोक्याला फडकं बांधून मिर्सिनी मी झालीय. समोर माझा कालचा डबा. "खाल्लंस का? गरम करून खा हं. आतून बनियन घातलंस ना?" मागे मैत्रिणी खिदळतायत. एकीने माझा खिमा-भात चिमटीत धरून कॅमेऱ्यासमोर नाचवला. नऊ हजार लोकांनी पाहिलंय.

स्ताथिसला दाखवला. इव्हान्थियाकडून आला म्हणून थाप मारली. बापाला कौतुक! "नक्कल झकास करते. अगदी तूच."

शनिवार, १५ फेब्रुवारी

डाफ्नी तिच्याशी बोलते आता. परवापासून रोज. मी लिहिलं, मलाही घरून डबे येतात. तू रिकामे धुऊन परत धाडतेस ना? उत्तर आलं, "कधी कधी."

खोटारडी. तीन वर्षांत एक डबा परत आलेला नाही. आणि मी कोण मोठी खरी?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

डबा पाठवला नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

तिने डाफ्नीला लिहिलंय. जसंच्या तसं उतरवते.

"नोव्हेंबरपासून कॉलेजला गेले नाही. औषधांच्या प्रयोगशाळेत शिरलं की उलटी येते. एका बेकरीत कामाला लागलेय. तिथे बरं वाटतं. आईला कसं सांगू? ती दर मंगळवारी डबा पाठवते. तो उघडला की स्वतःची लाज वाटते, म्हणून टिंगल करते. या मंगळवारी डबाच नाही आला. ती आजारी तर नसेल?"

दुकानाच्या मोरीत जाऊन उभी राहिले. माझी मुलगी रडतेय, आणि तिच्यासमोर जी बसलीय ती मुळात नाहीच. डाफ्नी तिला जवळ घेऊ शकत नाही. मी घेऊ शकते, पण मला तर काही ठाऊकच नाही. "आईला सांगून टाक" असं लिहिलं, खोडलं. शेवटी एक लाल बदाम पाठवला. पोटच्या पोरीला, दुसरीच्या नावाने. इतकी शिसारी मला तिच्या व्हिडिओचीही आली नव्हती.

शनिवार, २२ फेब्रुवारी

खातं बंद केलं. इव्हान्थिया हळहळली, "आत्ता कुठे पोरगी बोलायला लागली होती, आणि तू पळालीस?"

पळालेच. आता फोन करावा तर काय विचारू? जे विचारायचं ते मला चोरून कळलंय.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

डबा घेऊन गेले. ड्रायव्हरने माझाच टॉवेल माझ्या हातात ठेवला. "पात्रासहून तुमच्यासाठी."

आत माझे सात डबे, लखलखीत धुतलेले. सगळ्यात मोठ्यात एक पाव, जरा वाकडा, तिच्या हातचा. आणि चिठ्ठी:

"डाफ्नीस, आईमार्फत. विशीतली कुठली मुलगी रिकाम्या डब्यांची चौकशी करते गं? तेव्हाच ओळखलं. तोंडावर सांगायला जमलं नसतं. पाव गरम करून खा."