कोटाच्या बाह्या

प्रिय वन्संना वहिनीचा नमस्कार. (खरं तर आशीर्वादच लिहायचे, नात्याने माझा तो हक्क आहे, पण वयाने तुम्ही माझ्याहून जराशा मोठ्या, आणि ते तुम्ही मला कधी विसरू दिलेलं नाही.) तुमचा गुडघा काय म्हणतोय? इकडे तुमच्या दादांची तब्येत ठणठणीत, भूक चांगली, झोप त्याहून चांगली. फक्त वाचा गेली होती. ती परत कशी आली, ते सांगायला हे पत्र.

माळा आवरताना तुमचा तो जुना कॅमेरा सापडला, बटण दाबलं की जीभ काढून दाखवल्यासारखा तिथल्या तिथे फोटो बाहेर काढणारा. मला हुक्की आली. त्याची फिल्म आता मिळत नाही. दुकानदार म्हणाला, दुसऱ्या कॅमेऱ्याची चालेल, पण तिचे कागद एकेक करून या कॅमेऱ्याच्या जुन्या डबीत भरावे लागतील, तेही पूर्ण अंधारात. जरा उजेड लागला की सगळं मातीमोल. त्यासाठी बाह्या असलेली काळी पिशवी असते. सगळं आत ठेवून चेन लावायची, बाह्यांतून हात घालायचे आणि चाचपडत काम करायचं. मी म्हटलं, जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईने पिशवी विकत घ्यायची? घरात एक काळा कोट होता. बाह्या आयत्याच.

हो, तोच. लग्नातला. माझ्या वडिलांच्या दुकानात शिवलेला, ज्याची काजं मी केली आणि ज्याचं माप द्यायला तुमचे दादा गरजेपेक्षा बऱ्याच जास्त वेळा आले. पण कित्येक वर्षांत त्याच्या बटणांची आणि काजांची भेट झाली नव्हती (मध्ये पोट), म्हणून मी कात्री चालवली. हे घरी आले, पिशवी पाहिली, एक बाही हातात धरली आणि गप्प झाले. तुमच्या घराण्याचा अबोला तुम्हाला मी काय सांगायचा. भांडण नाही, आदळआपट नाही. वाढलं की जेवायचं, आणि मीठ हवं असलं तर मिठाकडे बघत बसायचं. असा आठवडा गेला. वन्सं, मला फार वाईट वाटत होतं. घरात माणसं दोन, त्यातलं एक बंद.

शेवटी म्हटलं, ज्यासाठी एवढं केलं ते तरी पार पाडू. स्वयंपाकघरात बसले आणि कोटात कोपरापर्यंत हात घातले. गॅसवर दूध ठेवलंय हे साफ विसरले. ते वर यायला आणि माझ्या नाकाला खाज सुटायला एकच गाठ पडली. हात काढावेत तर फिल्म जाते, न काढावेत तर दूध. मग भिंतीकडे बघून (अबोल्यात माणसाला थेट हाक मारायची नसते) ओरडले, की कुणी घरात असेल तर गॅस बंद करावा. हे आले. गॅस बंद केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हात हलवू नकोस."

आठवड्यातले पहिले शब्द. मग यांनी नाक खाजवून दिलं (जरा डावीकडे, जरा वर, असं बराच वेळ चाललं). चहा केला, फुंकर मारून कप माझ्या ओठांना लावला. आणि कोटाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "यातलं तिसरं काज वाकडं होतं. मी कुणाला ते नीट करू दिलं नाही." चहा माझ्या हनुवटीवरून ओघळला आणि डोळ्यांतलंही पुसता येईना. मी म्हटलं, चुकलं माझं. डोळे यांनीच पुसले, ओट्याच्या फडक्याने का होईना.

नंतर आम्ही हौसेने फोटो काढले. हे पिशवी खांद्यावर टाकून ऐटीत उभे, मी खिडकीशी, दोघं आरशात. सगळे काळेकुट्ट आले. कागद मी उलटे भरले होते. यांनी स्वतःचा फोटो उजेडात धरला, नीट निरखला आणि म्हणाले, कोट छान आलाय. तो फोटो आता आरशाच्या चौकटीत खोचलेला आहे.

तेव्हा पुन्हा भरायला फिल्म लागेल. तुमच्याकडच्या मोठ्या दुकानात मिळते म्हणतात, दोन पाकिटं पाठवाल का? गुडघ्याला जपा.

तुमची,
वहिनी

ता. क. हे तुमच्या-माझ्यात. दूध वर यायच्या आधीच शेवटचा कागद आत जाऊन डबीचं झाकण लागलं होतं. हात मला केव्हाही काढता आले असते. दादांना कळू देऊ नका.

आणखी ता. क. चिमे, हे अक्षर माझं, दादाचं. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं, हे तुझी वहिनी विसरली. मी तेव्हा दाराआडच उभा होतो, झाकण लागल्याचा आवाज ऐकला होता. तिला कळू देऊ नकोस. आणि पाकिटं दोन नको, चार पाठव.