अकरा बेटे

सरगूर, २१ मे १९११

पोचलो. म्हैसूरहून गाडीने दोन दिवस लागले, पण नदी दिसताच अंग हलके झाले. कपिला इथे पसरट आहे. मध्ये अकरा लहान बेटे, बांबूंची आणि बगळ्यांची. त्यांची मोजणी करायची. हरिगोलातून, म्हणजे कातड्याने मढवलेल्या गोल टोपलीतून, बेटाशी जायचे, नांगर टाकायचा, माथ्यावर चढायचे, दगडांचा ढीग रचून चुना फासायचा. ढिगाखाली बाटली पुरायची. तीत चिठ्ठी: बेटाचा आकडा, तारीख, रचणाऱ्याचे नाव. बाटलीला लाख लावली की ती कोणी उघडायची नाही. नांगर म्हणजे फुटक्या जात्याचा वरचा दगड, भोकातून दोर ओवलेला.

वरिष्ठ रणोजीराव पन्नाशीचे, हसतमुख. माझे हात पाहून म्हणाले, अग्रहारातल्या भटजींना पाणी तांब्यातलेच ठाऊक, काय दामोदरराव? जेवताना मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, स्वतःच्या हाताने वाढला.

मामांचे आडनाव लावले आहे, म्हणून ओळखले नाही. गेल्या आषाढात मानाजीदादाला चौथ्या बेटावर सोडून नांगर उचलून निघून आले ते हेच. दादाचे प्रेतही मिळाले नाही. आई अजून त्याचे पान मांडते.

मी फार आनंदात आहे.

२७ मे

पाचवे आणि सहावे झाले. पहिली चार गेल्या वर्षीची. रणोजीराव मला बांबूने हरिगोल ढकलायला शिकवतात. मी एकाच जागी गरगर फिरलो तेव्हा विचारले, लग्नाच्या प्रदक्षिणा चालल्यात काय? ढीग पुरा झाला की त्यावर थाप मारतात आणि कानडीत म्हणतात, आयतु. झाले.

आज मी त्यांच्याबरोबर हसलो. परतताना ते लक्षात आले.

चौथ्या बेटाजवळून जाताना त्यांनी पगडी काढली. मी विचारले. म्हणाले, इथे एक भला माणूस होता, त्यानेच मला परत धाडले. किती सफाईने खोटे बोलतात.

३ जून

आठवे बेट. दुपार. इथे आभाळ कोरडे, पण वर मलबाराच्या डोंगरात पाऊस आहे. सकाळपासून पाणी चढत होते. रणोजीराव माथ्यावर चुना कालवत होते. मोजणीची साखळी आणतो असे सांगून मी खाली आलो. नांगर उचलला.

ते काठाशी धावत आले. मी ओरडून दादाचे नाव सांगितले. ते थांबले. शिवी दिली नाही. एवढेच ओरडले की चौथ्याची बाटली फोड. मग ढिगापाशी जाऊन बसले.

संध्याकाळी त्या जागी नुसते पाणी होते. गावात सांगितले, पाय घसरला. पोटभर जेवलो.

५ जून

उरलेली तीन बेटे मी पुरी करावीत असा हुकूम आला. एकटाच गेलो. नवव्या बेटाच्या माथ्यावर ढीग तयार होता. चुना ओला. चिखलात पाऊल नाही.

बाटली फोडली. ‘नऊ. ५ जून. रणोजीराव.’ अक्षर त्यांचेच.

६ जून

चौथे बेट. बाटली फोडली. दादाचे अक्षर.

‘हरिगोलाचे कातडे फाटले आहे. एकच माणूस तरेल. साहेब ऐकत नाहीत. त्यांना तीन लहान मुली आहेत. आईची शपथ घालून त्यांना पाठवतो. दामू, आईला सांभाळ.’

रणोजीरावांचे पत्र घरी आले होते, गेल्या श्रावणात. मी न वाचता चुलीत घातले होते. आईला सांगितलेही नाही.

परत निघालो. हरिगोल काठाकडे वळेना. नांगर वर घेतलेला होता. तरी दोर पाण्यात, ताठ — प्रवाहाच्या उलट.

दहावे बेट. ढीग. ओला चुना. ही चिठ्ठी मी उघडली नाही.

७ जून

अकरावे. मी आलो नाही, आणला गेलो.

ढीग रचलेला. चुना अजून नाही. वर बाटली, उघडी. शेजारी लाख. चिठ्ठीत — ‘अकरा. ७ जून. दामोदरराव.’

पाणी चढते आहे. मी रणोजीरावांना हाका मारल्या. चूक कबूल केली. तीनदा.

दोर हलतो आहे. कोणी नाही — नांगर आपोआप वर — हरिगोल निघाले. रिकामे.

पाणी गुडघ्याला.

मागे ओला चुना फासल्याचा आवाज. वळत नाही. लिहितो. ही पाने बाटलीत घालीन. ज्याला सापडेल त्याने फोडावी. नियम राहू दे बाजूला. आईला सांगा, दादाला कोणी सोडले नव्हते. तो स्वतः —

ढिगावर थाप पडली. आयतु म्हणाले.

नाही, साहेब. झाले नाही. आईला अजून एक ओळ —