बंब कुणाच्या पडवीत

॥ श्री ॥

धाकटें जुवें, ता. पेडणे
१४ सप्टेंबर १९८७

चि. सौ. यशोदेस अनेक आशीर्वाद, वि. वि.

आम्ही सगळी खुशाल. तुझ्या मयेच्या काकड्या पोचल्या, दोन कडू निघाल्या. आता ऐक. मे महिन्यात गोव्याचं राज्य झालं, पण आग विझवायची गाडी काही नदीवरून उडत यायला लागली नाही. ती येईस्तोवर नदीतल्या ह्या जुव्यावर राखच उरते. म्हणून आपल्याच दहा माणसांनी दल काढलं. दलाचा मुखी कोण? माझा लेक कृष्णनाथ! हाताने मारायचा बंब होडीतून आणला. चौघांनी उचलावा लागतो.

पण ठेवला कुठे, तर शेजारणीच्या, त्या सुशीलेच्या पडवीत. म्हणे तिचं घर खाली धक्क्याजवळ, आपलं वर टेकडीवर. मुखी माझा आणि बंब तिच्याकडे! येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजून आमचा बंब, आमचा बंब म्हणत दाखवते. मी त्या बाजूला बघायचं जनेलच लावून घेतलंय. खंडेनवमीला त्याची पूजा मात्र माझ्या अंगणात होणार, असं कृष्णनाथाला बजावलंय.

माया पातळ करू नकोस.
तुझी ताई सुमंगला

मये
२१ सप्टेंबर १९८७

ती. ताईस यशोदेचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून ह्यांना हसू आवरेना. अगो, बंब म्हणजे काय तुझी सून, शेजारणीकडे राहिली म्हणून रुसायला? तुझी टेकडी नुसती चढताना मला धाप लागते. त्यापेक्षा सुशीलेच्याच पडवीत जाऊन नारळ वाढव, एक फूल तिलाही दे. कडू काकड्या गुरांना घाल.

धाकटीवर रोष नसावा.
यशोदा

धाकटें जुवें
५ ऑक्टोबर १९८७

चि. सौ. यशोदेस आशीर्वाद, वि. वि.

तुझं ऐकलं नाही. नवमीला बंब वर आणवला. पिवळ्या-केशरी रोजांच्या फुलांचा हार, कुंकू, नळीला लाल कापड. सुशीला आली, बघून मागच्या मागे गेली. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

दुपारी तिच्या रांधायच्या खोपीने पेट घेतला. माणसं सवयीने तिच्या पडवीत धावली, तिथे रिकामी जागा. मग धापा टाकत टेकडी चढून माझ्याकडे. आणि अंगणात सगळे थबकले. पूजेला लावलेलं अवजार दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत ना! कृष्णनाथसुद्धा हात जोडून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. खाली सुशीला एकटी बालदीने पाणी मारत होती. मीच हार तोडला, समई लवंडली, ओरडले की उचला रे, पाप माझ्या माथ्यावर. घर आणि गाय वाचली. खोप गेली.

दसऱ्याला उजाडताच बंब तिच्या पडवीत पोचवला. तिला म्हटलं, खोप होईस्तोवर माझ्या चुलीवर रांध. ती एक शब्द टाकून बोलली नाही, तेच जास्त लागलं.

आता रोज माझ्या चुलीपुढे बसते. काल भाज्यांचं खतखतं केलं. कृष्णनाथाने तीनदा मागून घेतलं. नात अंकिता मला म्हणते, आजी, तूही असंच करत जा. यशोदे गो, भावजींच्या ओळखीची माडाची चुडतं विणून खोप शाकारणारी माणसं आहेत ना? पत्र मिळताच पहिल्या होडीने पाठव. त्या बिचारीची खोप लवकर उभी राहायला हवी!

आठवण ठेव, आणि माणसं विसरू नको.
सुमंगला