सरासरी उलटलेल्या बहिणी

प्रिय ताईस,

तुझ्या धाकट्या बहिणीचा नमस्कार. (वाकून केलाय असं समज. खरोखर वाकले असते तर हे पत्र जमिनीवरूनच लिहावं लागलं असतं.)

गच्चीवरची ती पाण्याची टाकी आठवते तुला? रविवारी न्हाऊन झालं की आपण दोघी तिच्या कठड्यावर केस मोकळे सोडून बसायचो. आई खालून ओरडायची, "पडाल गं, टाळकं फुटेल!" आणि आपण टाळकं न फुटू देता जगातले मोठमोठे प्रश्न सोडवायचो. एकदा तू बोटांवर हिशेब केलास की शतक बदलेल तेव्हा तू सत्तेचाळीस वर्षांची असशील आणि मी बेचाळीस. मग तू वेणी घालायला घेत म्हणालीस, "शी, तोवर कोण जगतंय!" मी लगेच मान डोलावली, कारण तू नववीत होतीस आणि नववीतल्या मुलींना सगळं ठाऊक असतं. आज इतक्या वर्षांनी सांगते, ताई, तो तुझा हिशेब चुकला होता. आणि आता तू पुन्हा तोच हिशेब मांडून बसली आहेस.

तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही. ते मला तुझ्या सुनेने फोनवर सांगितलंय, आणि तुला विचारलं तर तू 'उत्तम' म्हणणार. (जिना अर्धा चढून धापा टाकत उभं राहायचं आणि 'मी भिंतीचा रंग बघत होते' म्हणायचं, ही तुझी उत्तम तब्येत!) हृदयाची झडप अरुंद झालीय, ती बदलायला हवी, बदलली तर तू चांगली हिंडूफिरू शकशील, नाही बदलली तर फार वाट पाहता येणार नाही, असं सर्जन स्पष्ट म्हणाले. त्यावर तू त्यांना म्हणे सांगितलंस, "एकाहत्तर वर्षं वापरली, आता नवी कशाला? पुढच्या पेशंटला बोलवा." आणि घरी येऊन चांगल्या साड्या सुनेच्या कपाटात नेऊन ठेवल्यास. ती बिचारी रडत होती. मी या पत्रात त्या ऑपरेशनबद्दल एक अक्षरही लिहिणार नाही. फक्त माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगणार आहे. तो वाच, आणि मग तुझं तू ठरव. (चुकीचं ठरवलंस तर मी आहेच.)

आमच्या मागच्या गल्लीतल्या वाचनालयात दर महिन्याला कुणाचं तरी व्याख्यान असतं. मागच्या खेपेचा विषय होता, 'आपल्या देशातलं आयुर्मान: गेली सव्वाशे वर्षं'. बोलायला संख्याशास्त्राच्या एक बाई आल्या होत्या. बाई कसल्या, माझ्या शिलाईमशीनपेक्षा वयाने लहान असेल ती, पण बोलायला खणखणीत. तिने पडद्यावर एक रेघ दाखवली. डावीकडे पणजीच्या काळात ती रेघ अगदी तळाशी, विशी-पंचविशीच्या आसपास. मध्ये एक साथ आली तिथे ती आणखी खाली कोसळते. मग हळूहळू उठते. आपली आई जन्मली तेव्हा तिशीच्या थोडी वर, आपण जन्मलो तेव्हा चाळिशीच्या जरा पुढे, आणि आज जन्मणाऱ्या बाळाला थेट सत्तरीच्या पार नेऊन सोडते. मी अगदी पुढच्या रांगेत, पेन घेऊन. तिने वर्षावर्षांचे आकडे दाखवले. तू जन्मलीस त्या साली सरासरी आयुष्य एकेचाळीस वर्षं, मी जन्मले त्या साली त्रेचाळीस. (धाकटं असण्याचा आयुष्यात मिळालेला हा एवढाच फायदा.)

आणि इतक्यात घंटा झाली. आता हे फक्त तुलाच कळेल. बाकीच्यांना घंटा म्हणजे चहा तयार झाल्याची सूचना होती, तीही शिपायाने वेळेआधीच वाजवलेली. कुणी जागचं हललं नाही. पण आपल्याला कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरांनी काय शिकवलं होतं? घंटा झाली की पेन खाली. अक्षराचा काना राहिला असेल तर राहू दे, पण पेन खाली, हात मागे आणि रांगेत उभ्या. तू अजूनसुद्धा दारावरची बेल वाजली की बोलता बोलता वाक्य अर्धं टाकतेस, आणि भावोजी हयात असताना त्यांना ते उरलेलं अर्धं कधीच ऐकायला मिळालं नाही. मीही तशीच उठले. पेनाला टोपण लावलं, एकटीनेच चहा घेतला आणि व्याख्यान संपूर्ण ऐकल्याच्या समाधानात घरी आले.

घरी येऊन बेरीज-वजाबाकी केली. सहासष्ट वजा त्रेचाळीस. ताई, मला भीती नाही वाटली, पण फार संकोच वाटला. जेवणं आटोपून पाहुणे निघून गेलेत, यजमानीण जांभया देतेय, आणि आपण अजून कोचावर बसून पान मागतोय, असं काहीतरी वाटलं. घंटा होऊन मला तेवीस वर्षं झाली, तुला तर तीस, आणि आपण दोघी बिनदिक्कत पेपर लिहीत बसलोय! मी ठरवलं, आता शिस्तीत आवरायला घ्यायचं.

दुसऱ्या दिवसापासून वाटप सुरू झालं. शिलाईमशीन समोरच्या घरातल्या बाईंना दिलं. (त्यांना सगळी इमारत 'मेजर' म्हणते. त्यांचा आणि सैन्याचा काही संबंध नाही, पण जिन्यातून त्या उतरायला लागल्या की कुत्रीसुद्धा सरळ बसतात.) आरामखुर्ची वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांना दिली. टूथपेस्ट लहानात लहान आणायला लागले. दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, "दातावरचं कवच पक्कं बसवू का?" तर मी म्हटलं, "नको, तात्पुरतंच सिमेंट भरा, माझी मुदत उलटून गेलीय." ते बिचारे हातात आरसा घेऊन तसेच उभे राहिले. बरं, कुणी कारण विचारलं तर मी खरं तेच सांगत होते, की माझी वेळ केव्हाच संपलीय. आपल्याला खोटं बोलायला शिकवलेलं नाही.

चार दिवसांत सगळ्या इमारतीचा समज झाला की मला काहीतरी भयंकर झालंय. लिफ्टपाशी लोक बाजूला सरून वाट द्यायला लागले. माझ्या दारावरून जाताना मुलं चवड्यांवर चालायला लागली. मेजर रोज सकाळी मऊ भात घेऊन यायच्या आणि मी तो संपवेपर्यंत समोर बसून माझ्याकडे अशा नजरेने बघायच्या, की मलाच त्यांची समजूत घालावीशी वाटे. एकदा पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "तुम्ही काळजी करू नका, तुमच्या कुंड्यांना मी पाणी घालीन." मी म्हटलं, "त्या तर तुम्ही केव्हाच घेऊन गेलात." खोटं कशाला बोलू, ताई, मला ते सगळं आवडायला लागलं होतं. आपले आजोबा आठवतात ना? पंचावन्नाव्या वर्षी नोकरी संपली आणि 'आता माझे चार दिवस' म्हणून खुर्चीत जे बसले, ते पुढची तीस वर्षं पंख्याखालची जागा, सायीचं दूध आणि पहिला पेपर त्या चार दिवसांच्या नावावर घेत राहिले. तीस वर्षांत कुठे गेले नाहीत, काही नवं शिकले नाहीत. आजीला समुद्र बघायचा होता, तो राहूनच गेला, कारण 'आता या वयात कुठे'! माझंही तसंच चाललं होतं. फक्त साय नव्हती.

मग पुस्तकं परत करायला वाचनालयात गेले (नवं घेतलं नाही, जाड होतं), तर तीच आकडेवाली मुलगी तिथे वाचत बसलेली. मला वाटलं आभार मानावेत. म्हटलं, "तुमच्यामुळे वेळेवर जाग आली, सगळं वाटून मोकळी झाले." तिने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो काकू, चहाआधी का उठलात? खरं तर सगळं त्याच्या पुढेच होतं!"

आणि तिने मला समोर बसवून व्याख्यानाचा उरलेला अर्धा भाग एकटीला दिला. म्हणाली, त्रेचाळीस म्हणजे त्रेचाळिसाव्या वर्षी सगळ्यांना घंटा, असं नसतं. त्या काळात कितीतरी मुलं पहिल्या वर्षातच जायची. कुणी अतिसाराने, कुणी गोवराने, कुणी नुसतं पाणी वाईट म्हणून. ती सगळी सरासरीत धरलेली असतात, म्हणून आकडा इतका खाली येतो. जी त्यातून वाचली ती पुष्कळ पुढे जात. मग नळाला स्वच्छ पाणी आलं, लशी आल्या, मीठ-साखरेचं पाणी पाजायचं आयांना कळलं, बाळं वाचायला लागली, आणि रेघ वर चढली. म्हातारे एकदम चिवट झाले म्हणून नव्हे, बाळं वाचली म्हणून. "आणि काकू, माणूस जितकं जगतं तितकी त्याची पुढची सरासरी सरकत जाते. सत्तरी गाठलेल्या बाईला आज सरासरी अजून बारा-चौदा वर्षं असतात. कुणाला कमी, कुणाला जास्त, पण तुमची मुदत-बिदत काही संपलेली नाही."

मला आपला मधला भाऊ आठवला. तुझ्यानंतरचा, माझ्याआधीचा. मी त्याला पाहिलं नाही. तूच सांगितलंयस की त्याला डाव्या गालावर खळी होती आणि तो सात महिन्यांचा होता. ताई, त्या एकेचाळीस-त्रेचाळिसात तो आहे. तो आणि त्याच्यासारखी घरोघरची बाळं. तो आकडा आपल्यासाठी नव्हताच गं. त्याला जे मिळालं नाही त्याचा तो आकडा आहे, आणि आपण दोघी तो आपल्या गळ्यात अडकवून, आपलं झालं म्हणून साड्या वाटत सुटलोय. आपल्याला तर मिळालंय. मिळालेलं परत करायला आपण कोण?

तर मी सगळं परत आणायला निघाले. देताना चार दिवस लागले होते, आणताना नाकी नऊ आले. मेजरांना सांगितलं की मी मरत नाहीये, तर त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे? रिपोर्ट चुकला?" मी म्हटलं, "रिपोर्ट नव्हताच, व्याख्यान होतं." "मग तो मऊ भात?" "छान होता." "मी माझ्या भाच्याच्या लग्नाला गेले नाही तुमच्यामुळे!" (नंतर कळलं, त्यांना त्या भाच्याकडे जायचंच नव्हतं.) शेवटी मशीन मिळालं, पण त्यावर त्यांनी शिवायला घेतलेले पडदे मी पूर्ण करून द्यायचे या अटीवर. हेडमास्तरांची तर आणखीच पंचाईत. मी जावं तेव्हा ते खुर्चीत झोपलेले. एकदा जागे सापडले तर म्हणाले, "अजून आहात का तुम्ही?" मी म्हटलं, "हो, आहे. माफ करा." आयुष्यात पहिल्यांदाच जिवंत असल्याबद्दल माफी मागितली. खुर्ची अजून त्यांच्याकडेच आहे, पण माझ्या मनाने ती परत आलेली आहे. दाताच्या डॉक्टरांकडे पक्कं कवच बसवून घेतलं. टूथपेस्ट सर्वांत मोठी आणली. आणि वाचनालयातलं ते जाड पुस्तक घरी आणलंय, निवांत वाचतेय.

असं सगळं आहे. इकडचं क्षेम आहे. मुलाला आणि सुनेला आशीर्वाद. उत्तर लवकर लिही, आणि मध्ये बेल वाजली तरी वाक्य पूर्ण कर.

तुझी,
धाकटी

ता.क. ऑपरेशनबद्दल एक अक्षरही लिहिणार नाही म्हटलं होतं, ते वरच्या पत्रापुरतं होतं. तुझ्या सुनेने आणि मी मिळून सर्जनांकडून पुढच्या बुधवारची वेळ घेऊन ठेवलीय. तू रागावशील. बुधवारपर्यंत पोटभर रागावून घे. मी सोमवारी येते. तुझी सही लागेल, ती तुलाच करायची आहे. ती मी करू शकत नाही, नाहीतर केली असती.

दुसरा ता.क. वर मी फार शहाणपणाने आकडे सांगितले. पण खरं विचारशील तर त्या मुलीने बारा-चौदा वर्षं म्हटलं तेव्हा मला आनंद झालाच नाही. पहिला विचार आला, एवढी वर्षं मी फोन कुणाला करू? मी सहा वर्षांची असताना माझा दुधाचा दात कुठे पडला हे माहीत असणारं आता तुझ्याशिवाय कुणी नाही. सरासरी चुकली तरी चालेल मला, ताई. तू सही कर.

तिसरा ता.क. सोबत खोका पाठवतेय. त्यातलं कुणाला काय ते नीट वाच, नाहीतर नेहमीसारखं सगळं वाटून मोकळी होशील. पुढे बटणं असलेले दोन सुती झगे तुला, दवाखान्यासाठी. हवा भरायची उशी सुनेला, बाहेरच्या बाकावर बसायला तीच असणार. कोड्यांचं पुस्तक तुझ्या मुलाला, म्हणजे ऑपरेशन चालू असताना तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला थांबवून प्रश्न विचारणार नाही. शाईचं पेन सर्जनांना, पण टाके काढल्यावर. आधी दिलं तर त्यांना वाटेल लाच आहे, आणि ते खरंही असेल. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले चालायचे बूट आहेत. तुझ्या मापाचे. दुकानदार म्हणाला, तळवा इतका जाड आहे की रोज तासभर चाललात तरी दहा वर्षं झिजणार नाही. मी म्हटलं, याहून जाड दाखवा. ते कुणालाही द्यायचे नाहीत.