आईनं मला 'या, बसा' म्हटलं त्याची हकीकत

तीर्थस्वरूप केसरअक्कास,

धाकट्या अर्जुनचा वाकून नमस्कार. तू, दाजी आणि तुझे गुडघे, सगळे मजेत असाल. परळीत यंदा वीज केंद्राची राख कमी उडते की जास्त, ते कळव. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. तर फोनवर तू मला आजवर एक वाक्य पुरं करू दिलेलं न्हाई, म्हणून पोराच्या, सुरजच्या हातानं हे पाठवतोय.

घरात फ्लू येऊन गेला. पहिला मान अर्थातच माझा (माजी सरपंच हाय मी, गावात जे येतं ते आधी माझ्याकडंच येतं). ताप एकशे तीन, हाडं मुसळानं कांडल्यासारखी, आणि ओसरीवर खाट टाकून मी असा कण्हत होतो की वडवणीच्या बाजाराला निघालेली माणसं वाट वाकडी करून भेटायला आली. शहाळी आली, मोसंबी आली, विरोधी पॅनलचा तानाजीसुद्धा बिस्किटाचे पुडे घेऊन आला. मी त्रेसष्टचा, लवकरच ताप उतरला. पण खरं सांगतो, माणसं भेटायला येत होती तोवर उठायची मला घाई नव्हती.

मग राधाकिशनकाका. वय चौऱ्याहत्तर, ताप माझ्यापेक्षा कमी, म्हणून मी त्यांचं दुखणं जरा हलक्यातच धरलं. पण खोकला छातीत उतरला, साखर वर गेली, दम लागायला लागला, आणि गडी बीडला दवाखान्यात सलाईन लावून पडला. माझी सगळी शहाळी तिकडं वळली. त्याचं मला वाईट वाटलं (काकांचंही वाटलं). आता घरी आलेत, पण ओसरीची पायरी चढताना अजून थांबतात.

आई सत्त्याऐंशीची. तिला ना ताप, ना खोकला, ना शिंक. मी गावभर सांगत सुटलो की जुनं हाड हाय, फ्लूची काय बिशाद. तुला ठाऊकच हाय, मी सरपंच असताना भर ग्रामसभेत तिनं मला 'मुडद्या' म्हणून हाक मारलेली. अन् आता एक दिवस मी तिच्या खोलीत गेलतो, तर पदर सावरत उठली आणि म्हणाली, "या, बसा. च्या घेता का?" अक्का, मला भरून आलं. उशिरा का होईना, घरात मान मिळाला. मी ऐटीत मांडी घातली आणि बायकोला बोलावून दाखवलं. वत्सला म्हणाली, "आत्याबाईंनी सकाळधरनं पाण्याचा घोट घेतला न्हाई, आन् तुमी मान कसला मोजता?" मला वाटलं, जळते.

आई मग गोड आवाजात तुझी तारीफ करायला लागली. पोरगी कामाला वाघीण हाय, भाकरी लई पातळ थापती (तू? असो). पोरीचा भाऊ तेवढा उडाणटप्पू निघाला, त्याच्याकडं बघून पोरगी नाकारू नका. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिला मी तुला बघायला आलेला पाहुणा वाटत होतो.

लगेच जीप काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फ्लूच हाय, या वयात ताप येईलच असं न्हाई. माणूस गप पडतं, खाणं सोडतं, भलतंच बोलतं, तेच दुखणं समजायचं. छातीत न्यूमोनिया धरला होता. बाहेरच्या बाकड्यावर मी कण्हलोसुद्धा न्हाई, इतका भ्यालो होतो.

आता आई घरी हाय, पेज पिते. काळजीचं कारण न्हाई. धावपळ करू नको, दिवाळीला आलीस तरी चालेल. दाजींना नमस्कार.

तुझा,
अर्जुन

ता. क. दिवाळीचं वर लिहिलंय ते खोडायचं राहिलं. सुरजच्या संगंच परत ये. आणि तू सदुसष्टची, दाजी सत्तरीपुढचे. फ्लूची लस घेतली नसंल तर डॉक्टरला विचारून घ्या. आमी कुणीच घेतली नव्हती. मी तर लशीच्या शिबिराची फीत कापून, फोटो काढून, तसाच घरी आलतो.

ता. क. दुसरं. आई मला अजून पाहुणाच समजते. हळूहळू निवळंल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात, पण तिची एक शिवी ऐकल्याबिगर मला चैन न्हाई. आज विचारत होती, पोरगी पसंत हाय का न्हाई. मी बशीतला च्या फुंकत राहिलो. तर ताठ होऊन म्हणाली, "नसंल पसंत तर उठा. आमची पोरगी आमाला जड झाली न्हाई." तुझ्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पण तू आमाला जड न्हाईस, हे तुला तवा कुणी सांगितलं होतं का? चिकटवलेलं पाकीट मी एवढ्यासाठीच फोडलं.